हलगी म्हणजे फळी

वहिनी, तुझ्यावर माझा संशय होता. तू या घरात आलीस त्याच आठवड्यात तो आला, आणि काल तुझ्या मागचं जलदानही झालं, पाहुणे पांगले, मोठी पातेली घासून परत गेली, तरी तो जागचा हललेला नाही. काल सगळे तुझ्याबद्दल गोड गोड बोलले. सुभद्रा गुणी होती, सुभद्रा कधी तोंड वर करून बोलली नाही, सुभद्राच्या पोटात एक आणि ओठात एक असं कधी नव्हतं. मी वाढता वाढता ऐकत होते. अगं बाई, म्हटलं, ही माणसं नेमकी कुणाबद्दल बोलतायत? मी तुझी नणंद. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, सुभद्रा एक नंबरची लबाड होती. पण मला कुणी विचारलं नाही.

समोर तुझी चाळण घेऊन बसलेय. लाकडी कडेची, जाडजूड, उचलली तर मनगट दुखेल अशी. या चाळणीवरून मी तुला एकच प्रश्न इतकी वर्षं विचारत आले, की ही खरंच चाळण आहे का तुझ्या बापाची हलगी आहे? आणि तू दरवेळी तेच म्हणायचीस, "फळी हाय वो वन्सं, लाकडाची फळी." हसून म्हणायचीस. त्या हसण्याचा मला फार राग यायचा. आज ते हसणं नाही, तर घर कसं खायला उठलंय, हेही सांगून टाकते.

तू आलीस तेव्हा आपण पंचवटीच्या मागे राहायचो. पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढे ओटा. दादा ओझरच्या कारखान्यात नुकता लागलेला, सकाळी बस गाठायला धावायचा. आबा मार्केटात भाजीच्या गोण्या वाहायचे. मी डी.एड. करून शाळेत मराठी शिकवत होते, म्हणजे शब्दांच्या बाबतीत घरात मीच शहाणी. दादासाठी मुलगी पार सोलापूरच्या पलीकडून, कर्नाटकाच्या हद्दीवरून आणायचं ठरलं तेव्हाच मी म्हटलं होतं, एवढ्या लांबून कशाला? नाशिक जिल्ह्यातल्या मुली काय संपल्या? आबा म्हणाले, "माणसं चांगली हायेत." एवढंच. आबांना जास्त विचारायची सोय नव्हती.

आठवतंय ना तुला? एका संध्याकाळी गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या बाजूनं वरात चालली होती. वाजंत्र्यांचा आवाज पार आपल्या ओट्यापर्यंत येत होता. तू भाकरी थापत होतीस. थापता थापता हात थांबला, मान वर झाली, आणि तू मोठ्या खुशीत म्हणालीस, "हलगी वाजतीया!"

दादानं घास हातातच धरला. आबांनी ताटातून मान वर काढली.

"काय म्हणलीस?"

"हलगी, मामा." सासऱ्याला तू मामा म्हणायचीस. "तुमच्याकडं काय म्हणत्यात?"

"आमच्याकडं काय नाय म्हणत," असं म्हणून आबा हात धुवायला उठले. ताटात अर्धी भाकरी तशीच होती.

मग मी तुला मोरीपाशी नेऊन सगळं सांगितलं. सिन्नरकडच्या आमच्या गावात डफडं वाजवायचं काम आमच्या घराकडे होतं. पाटलाकडचं लग्न असो, देवीची यात्रा असो, गावात दवंडी द्यायची असो, आबांनी गळ्यात डफडं अडकवून पुढे चालायचं आणि मागून कुणीही काहीही बोलायचं. वाजवून झालं की ओट्याखाली उभं राहायचं, वरून शिळं पडायचं पदरात. धम्म घेतला त्या वर्षी आमच्या लोकांनी ठरवलं, हे बंद. घराघरातली डफडी चावडीपुढे आणली. आबांनी आपल्या डफड्याच्या चामड्यात पाय घातला, ते फाडलं, आणि लाकडी कडं नेऊन गंगेत सोडलं. गाव चिडलं, आमचं पाणी तोडलं, म्हणून आम्ही नाशकात आलो. तेव्हापासून आमच्या घरात चामड्याचं वाद्य नाही, त्याचं नाव नाही. आणलंच कुणी, तर आबा ते पहिलं गंगेत टाकणार आणि मग आणणाऱ्याला दार दाखवणार. हे मी तुला बजावून सांगितलं.

तू सगळं ऐकून घेतलंस. पदर डोक्यावरून नीट केलास आणि म्हणालीस, "मामांनी डफडं सोडलं, बराबर केलं. पर हलगी म्हंजे फळी वो. आमच्याकडं कानडी माणसं फळीला हलगीच म्हणत्यात. दाराची फळी, पाटाची फळी. तिला कोन कशाला नदीत टाकंल?"

मला ते पटलं नाही. मी दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर वाचनालयात गेले आणि मोठा कोश काढून बसले. डफ सापडला. तो अरबांकडून आला, फारशीतून फिरत फिरत आपल्याकडे पोचला. म्हणजे आमच्या घरात ज्याचं नाव घ्यायचं नाही तो केवढा परदेशी पाहुणा! आणि आपल्या लोकांच्या गळ्यात पडल्यावर त्या डफाचं डफडं झालं. खुर्चीतल्या माणसाला साहेब आणि झाडूवाल्याला साहेबडं, तशातलाच प्रकार. हलगी मात्र कोशात एवढीशी होती. डफाचा एक प्रकार, बस्स. कुठून आली, काय अर्थ, काही नाही. मी म्हटलं, इथेच पाणी मुरतंय.

मग मी माझं डोकं चालवलं. हलगी म्हणजे हलकी. हलक्या लोकांनी वाजवायची ती हलकी, तिची झाली हलगी. मला हे इतकं खरं वाटलं की घरी येऊन मी तुला सुनावलं. म्हटलं, तुझ्या शब्दात शिवी आहे, आणि तू तो एवढ्या प्रेमानं तोंडात घोळवतेस? तू कांदा चिरत होतीस. डोळे पुसलेस, कांद्याचे की कशाचे कोण जाणे.

"वन्सं, शिवी शब्दात नस्ती. देणाऱ्याच्या तोंडात अस्ती. माझा बाप तिला हलगी म्हनायचा आन् छातीशी धरायचा. तुमचा कोश काय बी म्हनू दे."

"म्हणजे तुझ्या बापानं सोडली नव्हती!" मी पकडलं. "धम्म घेऊन पण वाजवत होता!"

"गावाची सोडली हुती. गावापुढं पुन्यांदा कदी न्हाई वाजवली. हाताची न्हाई सोडली. सांजच्याला दार लावून घ्यायचा आन् आमच्यापुरती वाजवायचा."

आपलं भांडण तिथून सुरू झालं ते संपलंच नाही. मी म्हणायचे, हे दार लावून वाजवणं म्हणजे लबाडी. सोडायचं तर सगळं सोडावं, माझ्या बापासारखं. तू म्हणायचीस, हातानं काय गुन्हा केलाय? आज मला सांगायला हरकत नाही, तुझ्या बापाचा मला हेवा वाटायचा. सिन्नरची म्हातारी माणसं आमच्याकडे यायची, ती आबांच्या पाठीमागे हळूच सांगायची, "पोरी, तुझ्या बापासारखा हात पंचक्रोशीत नव्हता." आणि मी, त्या बापाची मुलगी, एक ठोका ऐकला नव्हता. तुला तुझ्या बापानं दार लावून ऐकवलं. मला कुणी ऐकवलं?

चाळणीवर माझी नजर गेली ती त्यानंतर. तुझ्या ट्रंकेतून ती निघाली होती, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. चाळण कधी कुणी लुगड्यात गुंडाळून आणतं का? बाजारातल्या चाळणीची कड पत्र्याची असते, नाहीतर पातळ लाकडाची. ही बोटभर जाड. जाळी नवी कोरी आणि कड काळवंडलेली. जाळी ठोकलेल्या बारीक खिळ्यांच्या आजूबाजूला जुन्या खिळ्यांची भोकं, बुजवलेली. कडेला काहीतरी चिकट वाळलेलं होतं, ते मी नखानं खरवडून पाहिलं. चिंचोक्याची खळ. चाळणीला खळ कोण लावतं? खळीनं चामडं चिकटवतात.

"कुणी केली ही?"

"बापानं."

"बाप सुतार होता का तुझा?"

"सगळंच हुता. घ्या वन्सं, बाजरीचं चाळायचंय, सरा."

आणि तू चाळायला बसायचीस. डाव्या हातात चाळण, उजव्या तळव्यानं कडेवर थाप. सगळ्याच बायका थापा मारतात, त्याशिवाय पीठ खाली पडत नाही. पण तुझी थाप काही सरळ पडायची नाही. दोन हलक्या, एक भारी, मग थांबायचं, मग बोटांनी कडेवर काहीतरी घाईघाईत. भुरूभुरू पीठ परातीत पडायचं. मी वह्या तपासत बसलेली असायचे, माझी लाल पेन्सिल आपोआप थांबायची. मी तुझ्याकडे संशयानं बघायचे आणि तू पिठाकडे बघायचीस.

आबा त्याच वेळी ओट्यावरून उठून खाट स्वयंपाकाच्या दाराशी ओढायचे. भिंतीकडे तोंड करून पडायचे. मला वाटायचं, आबांनाही शंका आली. सुनेवर पहारा ठेवतायत. आज नाही तर उद्या उठतील, चाळण हिसकतील, उलटीपालटी करतील आणि गंगेवर निघतील. मी रोज वाट बघायचे. खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटायची, आणि असं होऊ नये असंही वाटायचं. कारण तोवर तू मला आवडायला लागली होतीस.

जयंतीची मिरवणूक आठव. आपण दोघी नव्या पांढऱ्या साड्या नेसून कडेला उभ्या होतो. तोवर वारं थोडं बदललं होतं. पोरं म्हणायची, आता आपलीच जयंती, आपणच वाजवायचं, कुणाच्या सांगण्यावरून नाही. लेझमाच्या पुढे एक तरणा पोरगा हलगी घेऊन चालला होता. आबा घरीच थांबले होते, आवाज सुरू झाला की ते बाहेरच पडायचे नाहीत. तू माझ्या मागे उभी होतीस, गर्दी म्हणून माझ्या खांद्यांवर हात ठेवलेले. आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, डाव्या खांद्यावर बोटं बारीक बारीक नाचतायत आणि उजव्यावर जड पडतायत. त्या पोराच्या दोन काड्यांसारखीच, डावी बारीक, उजवी जाड. एवढंच नाही, तो चुकायचा तिथे तुझी बोटं चुकत नव्हती.

मी गर्रकन वळले. "कुठे शिकलीस?"

"काय?"

"माझ्या खांद्यावर काय चाललं होतं?"

"मुंगी हुती वन्सं, झटकत हुते."

"दोन्ही खांद्यांवर मुंगी?"

"मुंग्यांचा काय भरोसा!" असं म्हणून तू इतकी हसलीस की पुढच्या बायका वळून बघायला लागल्या. मलाही हसू आलं, पण मी ते गिळलं. बाई माणसाला हलगी कोण शिकवतं? बापानं दार का लावून घेतलं होतं, ते मला तेव्हा कळलं. तुझ्याकडून मात्र काही कळलं नाही.

मग आपण इंदिरानगरला आलो. तेव्हा तिकडे घरं कमी आणि शेतं जास्त. दादाला वाटत होतं, नव्या घरात जुनं काही न्यायचं नाही. फुटक्या बादल्या, पत्र्याचे डबे, सगळं भंगारवाल्याला. मी हौसेनं स्टीलची चाळण आणली, चकचकीत, हलकी. आणि तुझी लाकडी चाळण भंगाराच्या ढिगावर ठेवली. हो, मुद्दामच ठेवली. मला बघायचं होतं तू काय करतेस.

तू धावत आलीस. चाळण उचललीस, छातीशी धरलीस. अगदी तशीच, जसा तुझा बाप धरायचा म्हणालीस.

"ही गेली तर मी बी जाते, वन्सं."

"चाळणीसाठी?"

"चाळणीसाठी."

तुझा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, आता कबूल हो. एकदाच सांग, ही हलगी आहे म्हणून. मी आबांना सांगणार नाही. तू तोंड उघडणार, एवढ्यात आबा दारातून म्हणाले, "शकू, राहू दे ती. जुन्या चाळणीत पीठ बरं चाळलं जातं."

मी आबांकडे बघतच राहिले. ज्या माणसाला भाकरी कुणी थापली हे कळत नाही, पीठ कसं आहे हे ठाऊक नाही, त्याला चाळणीचं काय कौतुक? मला वाटलं, म्हातारपणी आबा सुनेला भिऊन वागायला लागले. मी जाम चिडले. आणि तू त्यानंतर मला खिजवायला लागलीस, म्हणजे मला तसं वाटलं. आबा गावाला गेले की तू माझी स्टीलची चाळण काढायचीस, सटासट पीठ चाळून मोकळी. थाप नाही, ताल नाही, काही नाही. आबा आले की लाकडी चाळण पुन्हा हजर. मी म्हणायचे, बघा, सासरा असला की माहेरचं कौतुक मिरवायचं आणि नणंद एकटी असली की तिची चाळण वापरून तिचं तोंड बंद करायचं. काय कावा आहे बाईचा!

गेल्या पावसाळ्यात तुझे डोळे पिवळे झाले. कावीळ म्हणाले, बरी होईल म्हणाले, झाडपाला झाला, सरकारी दवाखाना झाला. तू कॉटवर वाळत गेलीस. मी शाळेतून सरळ तिकडे यायचे, मोसंबी सोलायचे, तू खायची नाहीस, मग मीच खायचे. एका दुपारी तू विचारलंस, "चाळण कुटं ठिवली?"

"फळीवर आहे."

"फळीवर फळी," म्हणालीस आणि हसलीस. ओठ फुटले होते, रक्त आलं थोडं.

मी पुसलं. जवळ वाकले. "वहिनी, आता तरी खरं सांग. कुणी ऐकत नाहीये. हलगी आहे ना?"

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, सांगतेस. तू म्हणालीस, "वन्सं, आबांच्या दातांस्नी आता बाजरी झेपत न्हाई. ज्वारीचं करत जा. आन् बारीक चाळत जा." मग डोळे मिटून घेतलेस. तू त्यांना मामा म्हणायचीस, त्या दिवशी आमच्यासारखं आबा म्हणालीस. माझ्या ते आज लक्षात येतंय.

काल तुझा भाऊ किसन आला होता, सोलापूरहून. भिक्खूंचं झालं, बायका निघाल्या, दादा तुझ्या लेकीला, सुमनला, कुशीत घेऊन आत जाऊन पडला. पोर रडून रडून झोपली होती. बाहेरच्या खोलीत आबा, किसन आणि मी एवढेच. किसन उठला, पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेला आणि चाळण घेऊन बाहेर आला. आबांसमोर! मी डोळ्यांनी खुणावलं, ठेव, ठेव आत. त्याला काही कळलं नाही. तो रडत होता.

"तात्यांची हलगी," तो म्हणाला. "ताईनं लग्नाआदी सोता चामडं काढलं. मी म्हनलं, आगं कशाला? तर म्हनली, ज्या घरात निघालीय तितं चामडं चालत न्हाई. त्यांचं बी बराबर हाय. लाकूड नेते, त्याला कोन काय म्हनंल? आन् जाळी ठोकत बसली. रडत हुती आन् ठोकत हुती."

झालं. म्हणजे मी मोरीपाशी बजावलं ते तुला आधीच ठाऊक होतं, आणि इतक्या वर्षांची कबुली मिळाली ती तुझ्याकडून नाहीच. आणि मला काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. मी फक्त आबांकडे बघत होते. आता म्हातारा उठणार. गंगा लांब आहे इथून, रिक्षा करावी लागेल, असला काहीतरी वेडगळ विचार माझ्या डोक्यात आला.

आबांनी हात पुढे केला. किसननं चाळण दिली. आबांनी ती उलटी केली नाही, पाहिली नाही, नुसती मांडीवर घेऊन अंगठा कडेवरून फिरवला आणि एका जागी थांबवला. तिथे लाकूड झिजून गुळगुळीत झालंय. मी इतकी वर्षं ती चाळण संशयानं तपासली, ती जागा मला कधी दिसली नव्हती.

"डावरा व्हता का तुझा बाप?" आबांनी विचारलं.

किसन चकित झाला. "व्हय. तुमास्नी कसं म्हाईत?"

"दोरीच्या भोकाच्या उलट्या अंगाला झिजलीय. पहिल्याच महिन्यात पाह्यली व्हती मी. तुम्ही सगळी बाहेर गेलती तव्हा."

"पहिल्याच महिन्यात?" मी ओरडलेच. "आबा, तुम्हाला ठाऊक होतं? मग गंगेत का नाही टाकलीत? आम्हाला तर वाद्याचं नावसुद्धा घेऊ दिलं नाहीत!"

आबांनी चाळण मांडीवरच राहू दिली.

"गावाचा हुकूम व्हता त्याच्यात, म्हणून म्या पाय घातला," ते म्हणाले. "हिच्यात कुणाचा हुकूम नव्हता. पोरगी पीठ चाळत व्हती. म्या आपला पडल्या पडल्या ऐकायचो."

पहारा नव्हता तर तो. खाट दाराशी ओढून, भिंतीकडे तोंड करून माझा बाप ऐकत पडायचा. मी चार हातांवर लाल पेन्सिल घेऊन बसलेली. मी पण रोज तेच ऐकत होते आणि मला वाटत होतं मी चोर पकडतेय.

किसन आज पहाटेच्या गाडीनं गेला. जाताना मी त्याला विचारलं, खरंच फळीला कानडीत हलगी म्हणतात का? तो म्हणाला, "हलगे म्हणत्यात. का वो?" मी म्हटलं, काही नाही. म्हणजे तेवढं तू खरं बोलत होतीस. हलकीबिलकी माझ्या डोक्यातून निघालं होतं. बरं, मान्य. शब्दाचं भांडण तू जिंकलीस, घे. पण माझा दुसरा संशय आहे, तो मोठा आहे आणि तो मी सोडणार नाही.

आज सकाळी ज्वारीचं पीठ गिरणीतून आणलं. स्टीलची चाळण हाताशी होती, मी ती घेतली आणि नेहमीसारखं सटासट चाळायला लागले. आबा ओट्यावर होते, ते तिथेच राहिले. खाट हलली नाही. मी थोडा वेळ चाळलं. मग थांबले. उठून फळीवरून तुझी चाळण काढली, पीठ घातलं आणि तळव्यानं कडेवर थाप मारली. माझ्या हातात काही नाही गं, मी मास्तरीण. दोन हलक्या, एक भारी, तुझं आठवून आठवून, चुकत, अडखळत. ओट्यावरून कुरकुर आवाज आला. खाट दाराशी आली. आबा भिंतीकडे तोंड करून पडले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "मनगट सैल सोड, शकू." माझ्या बापानं मला आयुष्यात पहिल्यांदा ते शिकवलं, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी पिठात पडायला लागलं, म्हणून मी परात बाजूला सारली.

आणि तेव्हाच मला ती स्टीलची चाळण आठवली. आबा गावाला गेले की तू ती काढायचीस. आबा आले की लाकडी. आम्ही सगळे घरात असायचो, तुझी हलगी तुझ्यापाशी असायची, बापाची आठवण काय आबा नसले की येत नव्हती? पण ते नसले की तू एक थाप मारायची नाहीस. कधीच नाही. मी काय काय अर्थ लावले त्याचे!

तुला ठाऊक होतं ना वहिनी, की ते ऐकतायत? तू पीठ चाळतच नव्हतीस. तू वाजवत होतीस, त्यांच्यासाठी. आता हस बघू, आणि म्हण, फळी हाय वो वन्सं.